सूर हरवला असताना गोल्फमधून काही काळ विश्रांती घ्यावी का?

मधला_फेअरवे

नमस्कार. गेल्या हंगामाच्या मध्यापासून माझा खेळ उतरणीला लागला आहे आणि आता क्लब काही काळ बाजूला ठेवावेत की नेटाने खेळत राहावे, याविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

वर्षभरातील चांगल्या काळात माझा हँडीकॅप इंडेक्स (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) 14.0 होता, तो आता 18.0 झाला आहे. हल्लीच्या फेऱ्या पाहता 18.0 हा आकडासुद्धा माझी स्तुती करतो आहे असे वाटते. सुरुवात ड्रायव्हरपासून, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबपासून झाली. मी उजव्या हाताने खेळतो. चेंडू उजवीकडे वळू लागला म्हणून मी डावीकडे निशाणा धरू लागलो, तर तो आणखीच उजवीकडे वळू लागला. पुढे ही लागण आयर्नना (धातूच्या पातळ तोंडाच्या क्लबना) झाली आणि आता सात नंबरच्या आयर्नने मारलेला चेंडूही अधूनमधून क्लबच्या मानेला लागून आडवा निघून जातो. हिरवळीवर (ग्रीनवर) पोहोचल्यावर लहान पट, म्हणजे चेंडू होलकडे घरंगळवणारे फटके, मारतानाही हात आखडतात. रेंजवर (सरावाच्या जागी) मात्र यांतले फारसे काही घडत नाही, हे मला अधिक त्रासदायक वाटते.

दर आठवड्याला एक नवा उपाय करून झाला: पकड बदलली, चेंडू पुढे-मागे ठेवून पाहिला, बॅकस्विंग आखूड केला, मोबाइलवर चित्रफिती पाहून आणखी दोन-तीन गोष्टी उचलल्या. परिणामी एक ना धड भाराभर चिंध्या अशी अवस्था झाली आहे. विश्रांतीने डोके ताजे होते असे काही जण सांगतात, तर खंड पडला की हातात आहे तेही जाते असे काही जण बजावतात. विश्रांती घ्यायचीच तर ती किती असावी, त्या काळात क्लबला हातच लावू नये का, आणि परतताना सुरुवात कुठून करावी?

स्कोअरकार्ड

निर्णय घेण्यापूर्वी आपल्याच आकड्यांचा अर्थ नीट लावून घ्यावा असे मी सुचवेन. 2020 पासून लागू झालेल्या जागतिक हँडीकॅप पद्धतीत शेवटच्या 20 फेऱ्यांपैकी सर्वोत्तम 8 फेऱ्यांच्या डिफरन्शियलची (मैदानाच्या अवघडपणानुसार जुळवलेल्या स्कोअरची) सरासरी काढली जाते, त्यामुळे इंडेक्स हा आपला रोजचा खेळ दाखवत नसून चांगल्या दिवसाचा खेळ दाखवतो. उत्तम फॉर्मात असलेला खेळाडूही साधारणपणे चार-पाच फेऱ्यांतून एखाद्याच वेळी हँडीकॅपइतका खेळतो आणि उरलेल्या फेऱ्यांत त्याचे काही फटके जास्तच होतात. प्रत्येक फेरी 14.0 च्या मापाने मोजणारा माणूस फॉर्मात असतानाही बहुतेक वेळा निराशच होऊन घरी जाईल.

आता 18.0 विषयी. शेवटच्या फेरीच्या आधीच्या 365 दिवसांतील नीचांकी इंडेक्सपेक्षा आपला इंडेक्स 3.0 हून अधिक वर जाऊ लागला की पुढची वाढ निम्मीच धरली जाते, आणि 5.0 च्या वर तर त्याला जाऊच दिले जात नाही. आपला नीचांक 14.0 आहे, म्हणजे 17.0 पर्यंतची वाढ पूर्ण धरली गेली आणि त्यापुढची निम्मी. याचा अर्थ कॅप (वाढीवरची ही मर्यादा) नसता तर आपला इंडेक्स 19.0 च्या आसपास आला असता. आकडा आपली स्तुती करतो आहे ही शंका अगदी बरोबर आहे, आणि हँडीकॅपइतके खेळणे इतके अवघड का वाटते याचे एक कारणही त्यात आहे.

विश्रांतीच्या संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खंडाच्या काळात नवी फेरी नोंदली जात नसल्यामुळे इंडेक्स जागच्या जागी राहतो. परंतु आपण परतता तेव्हा 365 दिवसांची मुदत पुढे सरकलेली असते. जुना 14.0 त्या मुदतीबाहेर पडला की कॅपचा आधार सुटतो आणि पहिल्या काही फेऱ्यांतच इंडेक्स एकदम वर उडी घेऊ शकतो. ती उडी पाहून विश्रांतीने खेळ बिघडला असा निष्कर्ष काढू नये. तो बिघाड आधीचाच असतो, आकड्यात फक्त उशिरा उतरतो.

तोपर्यंत आपण जुनी कार्डे काढून एवढेच पाहावे की फटके नेमके कुठे वाया गेले: टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) मारलेल्या चेंडूच्या दंडात, हिरवळीभोवती, की तीन-तीन पटांत? इंडेक्ससाठी प्रत्येक होलचा स्कोअर नेट डबल बोगीपर्यंतच (होलच्या ठरलेल्या फटक्यांहून दोन जास्त, अधिक तिथे मिळणारे हँडीकॅपचे फटके) धरला जातो, त्यामुळे मोठ्या पडझडी इंडेक्समध्ये पूर्णपणे उमटत नाहीत. त्या कार्डावरच सापडतील.

जुना_आयर्न

आपल्या वर्णनात मला तरी गूढ असे काही दिसत नाही. चेंडू कोणत्या दिशेने निघतो हे मुख्यतः फटक्याच्या क्षणी क्लबचे तोंड कुठे आहे त्यावर ठरते, आणि हवेत तो वळतो तो क्लबचे तोंड व क्लबचा मार्ग यांची दिशा जुळत नाही म्हणून. उजवीकडे वळणाऱ्या चेंडूवर उपाय म्हणून डावीकडे निशाणा धरला की खांदे उघडे पडतात, क्लब बाहेरून आत येऊ लागतो, आणि तोंड पूर्वीइतकेच उघडे असल्यामुळे त्या दोहोंतील कोन वाढतो. म्हणजे वळण वाढणारच. आयर्नने मानेला लागणारा चेंडूही बहुधा याच बाहेरून येणाऱ्या मार्गाचा सोबती आहे. अशा स्थितीत नुसती सुट्टी घेणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, कारण आपण परत याल तेव्हा ते उघडे खांदे आपली वाट पाहत असतील.

म्हणून थांबण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. सात नंबरच्या आयर्नच्या तोंडावर कोरड्या पावडरचा पातळ फवारा मारून काही चेंडू मारा. चेंडू जिथे लागतो तिथली पावडर निघून वाटोळा ठसा उरतो. ते ठसे मध्यभागी गोळा होतात की टाचेकडे (क्लबच्या तोंडाच्या मानेजवळच्या टोकाकडे) सरकलेले दिसतात, हे डोळ्यांनी पाहा. फटका कुठे लागला याविषयी हाताला होणारी जाणीव सूर हरवलेल्या काळात फार फसवी असते. त्यानंतर पावलांच्या रेषेत आणि चेंडूच्या रेषेत एकेक काठी ठेवून नेहमीप्रमाणे उभे राहा, आणि खांदे कुठे रोखले आहेत हे दुसऱ्या कोणाला तरी मागून पाहायला सांगा. पावले बरोबर आणि खांदे भलतीकडे, हा प्रकार स्वतःला दिसत नाही.

चित्रफिती मात्र आजच बंद करा. त्यातला प्रत्येक सल्ला कोणा ना कोणाच्या दोषावर बरोबर असतो, पण तो दोष आपला आहे की नाही हे चित्रफितीला ठाऊक नसते. एकाच प्रशिक्षकाला दाखवा आणि तो सांगेल ती एकच गोष्ट हाती घ्या. जाता जाता विचारतो, स्विंग करताना कुठे दुखते का? लोक हे शेवटी सांगतात आणि कित्येकदा तेच पहिले कारण असते.

लांब_पट

व्यावसायिक खेळाडूंचे दाखले दोन्ही बाजूंनी देता येतात, म्हणून ते जपूनच वापरावेत. डेव्हिड ड्यूव्हल 1999 मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर होता आणि 2001 ची ओपन (ब्रिटनमधील मोठी स्पर्धा) जिंकल्यानंतर त्याचा खेळ ढासळला. काही महिने दूर राहून तो 2004 च्या यूएस ओपनमध्ये परतला, तेव्हा त्याचा कट (पहिल्या दोन फेऱ्यांनंतर पुढे जाण्याची मर्यादा) मोठ्या फरकाने हुकला. पुढे 2009 च्या यूएस ओपनमध्ये तो संयुक्त दुसरा आला, पण पीजीए टूरवर (अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) पुन्हा जिंकला नाही. उलट स्टीव्ह स्ट्रिकरने खेळ घसरून टूरवरील पूर्ण पात्रता गेल्यावरही सराव सोडला नाही. विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यात तो तीन भिंतींच्या ट्रेलरमधून बाहेरच्या बर्फात चेंडू मारत असे, आणि 2006 व 2007 अशी लागोपाठ दोन वर्षे त्याला पुनरागमनाचा पुरस्कार मिळाला. हेन्रिक स्टेनसन 2012 मध्ये जागतिक क्रमवारीत दोनशेच्याही खाली गेला होता. त्याने 2013 मध्ये फेडेक्स कप (पीजीए टूरचे हंगामाचे विजेतेपद) जिंकला आणि 2016 मध्ये ओपन.

रेंजवर सगळे ठीक आणि मैदानावर घोळ, या आपल्या वाक्यावरून मात्र इयन बेकर-फिंच आठवला. 1991 च्या ओपनचा हा विजेता 1995 मध्ये सेंट अँड्र्यूजच्या पहिल्या टीवर उभा राहिला आणि अतिशय रुंद फेअरवे (टीपासून हिरवळीपर्यंतची छाटलेल्या गवताची पट्टी) समोर असताना त्याने चेंडू डावीकडे हद्दीबाहेर घालवला. 1997 च्या ओपनमध्ये ट्रूनला पहिल्या फेरीत त्याचे 92 फटके झाले, त्याने माघार घेतली आणि हळूहळू तो समालोचनाकडे वळला. सरावात तो तेव्हाही उत्तम मारत असे. अशा खेळाडूला आणखी सराव करा असे सांगण्यात काय अर्थ होता? आपला प्रश्न त्या जातीचा असेल तर मी विश्रांतीच्या बाजूने आहे, आणि जुना_आयर्न यांच्या काठ्या-पावडरीने तो सुटेल असे मला वाटत नाही.

मधला_फेअरवे

सर्वांचे आभार. कार्डे काढून पाहिली. तीन पट अपेक्षेहून कमी निघाले, पण टीवरून गेलेल्या चेंडूंचे दंड आणि त्यानंतर रफमधून (कडेच्या उंच गवतातून) सावरण्यात गेलेले फटके भरमसाट आहेत. पावडरीचा प्रयोगही केला. ठसे टाचेकडे आहेत, आणि चेंडू जितका जोरात मारावा तितके ते टाचेकडे सरकतात.

दुखण्याविषयी विचारले म्हणून सांगतो. डाव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला बरेच दिवस ठणका आहे. भरलेली बादली उचलताना किंवा दाराची कडी फिरवताना तो जाणवतो. खेळताना अंग गरम झाले की विसरायला होते, म्हणून आधी लिहिले नव्हते. रेंजवर मी नेहमी मॅटवरूनच (कृत्रिम गवताच्या चटईवरूनच) मारतो.

जुना_आयर्न

मग आपला प्रश्न बराचसा सुटला असे मी म्हणेन, आणि माझे मतही बदलतो: आपण थांबावे. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डाव्या कोपराची बाहेरची बाजू, म्हणजे ज्याला टेनिस एल्बो म्हणतात ते दुखणे, गोल्फ खेळणाऱ्यांमध्येही पुष्कळ आढळते. त्याचे नक्की निदान डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट करतील. ते काम इथे लिहून होणार नाही. पण खेळाच्या अंगाने पाहिले तर साखळी जुळते. कोपर दुखते म्हणून डावा हात नकळत सैल पडतो. डावा हात सैल पडला की फटक्याच्या क्षणी क्लबचे तोंड उघडे राहते, चेंडू उजवीकडे जातो, आपण डावीकडे निशाणा धरता, खांदे उघडतात, ठसा टाचेकडे सरकतो आणि शेवटी चेंडू मानेला लागतो. जोर वाढवल्यावर ठसा अधिक सरकतो, हेही याच्याशी सुसंगत आहे. खात्री देता येत नाही, पण इतर कोणत्याही शंकेपेक्षा ही आधी निकाली काढण्यासारखी आहे.

रेंजवर ठीक का वाटते तेही आता कळते. मॅटवर क्लब चेंडूच्या आधी टेकला तरी घसरून पुढे जातो आणि फटका बरा निघतो. तोच फटका मैदानावर मातीत रुततो. मॅट चूक लपवते, पण तिचा झटका मात्र कोपराला पुरेपूर देते. आपण सराव वाढवून दुखणेच वाढवत होता. बेकर-फिंचची गोष्ट माझ्या मते आपल्याला लागू होत नाही.

पकडीची रबरी ग्रिप गुळगुळीत झाली आहे का तेही पाहा. निसटेल या भीतीने क्लब आवळून धरला जातो आणि त्याचा भार पुन्हा कोपरावरच येतो.

काठावरचा_चेंडू

लहान पटांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. हात आखडण्याचे दोन निरनिराळे प्रकार असतात आणि त्यांवर विश्रांतीचा परिणामही निरनिराळा होतो. एका प्रकारात मनगटाला किंवा बोटांना खरोखरच आचका बसतो, अगदी एकट्याने, काही पणाला नसताना पट मारला तरी. हा स्नायूंच्या नियंत्रणाशी निगडित प्रकार असून कित्येक महिने थांबूनही तो परत येऊ शकतो. त्यावर सहसा पकड, पटर किंवा पटची पद्धतच बदलून मार्ग काढावा लागतो. बर्नहार्ड लँगरला यिप्सने, म्हणजे अशाच आचक्याने, कारकिर्दीत एकाहून अधिक वेळा गाठले आणि त्याने दर वेळी पकडीत काही ना काही वेगळे करून वाट काढली. 1985 आणि 1993 ची मास्टर्स स्पर्धा त्याने जिंकलेलीच आहे. दुसरा प्रकार निव्वळ ताणाचा असतो. एकट्याने पट सहज जातात आणि कोणी पाहत असले की जात नाहीत. आपला प्रकार कोणता हे ओळखण्यासाठी रिकाम्या हिरवळीवर, डोळे मिटून आणि उघडे ठेवून, काही पट मारून पाहावेत. आचका दोन्हीकडे आला तर विश्रांतीवर फार भिस्त ठेवू नये.

ताणाच्या प्रकारात विश्रांती का उपयोगी पडते, याचेही कारण आहे. अंगवळणी पडलेली हालचाल आपण टप्प्याटप्प्याने जाणीवपूर्वक चालवू लागलो की ती मोडते. 1992 मध्ये रिच मास्टर्स या मानसशास्त्रज्ञाने पटिंगवरच केलेल्या प्रयोगात नवशिक्यांच्या एका गटाला तंत्राच्या सूचना दिल्या होत्या, तर दुसऱ्या गटाला सूचना न देता, शिकत असताना मोठ्याने अक्षरे म्हणायला लावून, नियम मनाशी रचण्याची संधीच ठेवली नव्हती. पुढे ताण वाढवल्यावर सूचनांवर शिकलेल्यांचा खेळ अडखळला आणि दुसऱ्या गटाचा सुधारतच राहिला. आपण या काळात स्वतःला सूचनांचा जो मारा केलात, तो थांबवणे हीच विश्रांतीची खरी कमाई ठरेल. घरी बसून त्याच चित्रफिती पाहत राहिलात तर कोपराला आराम मिळेल, पण डोक्याला मिळणार नाही.

आडवा_वारा

मी स्वतः एका हंगामात मध्येच थांबलो होतो, म्हणून परतल्यावर काय होते तेवढे सांगतो. पूर्ण स्विंग लोक समजतात त्याहून लवकर परत येतो. अंदाज मात्र उशिरा येतो: लांब पटाचा वेग, हिरवळीच्या कडेवरून मारलेला चिप, अर्ध्या स्विंगचा वेज (जवळच्या उंच फटक्याचा क्लब). म्हणून परतताना हिरवळीपासून सुरुवात करून मागे मागे जावे. आधी लांब पट, आणि तेही होल न धरता जमिनीत खोचलेल्या दोन टींच्या (चेंडू ठेवण्याच्या खुंट्यांच्या) मधल्या पट्टीत चेंडू थांबवण्यापुरते. मग चिप, मग वेज, आणि ड्रायव्हर सगळ्यांत शेवटी. कोपरामुळे आपल्याला हा क्रम तसाही पाळावा लागेल. मॅटऐवजी गवत मिळाले तर फार बरे.

पहिल्या एक-दोन फेऱ्या बऱ्याचदा अनपेक्षितपणे छान जातात, कारण मनात अपेक्षाच नसते आणि सूचनाही विसरलेल्या असतात. गाडी घसरते ती त्यानंतर. 'आपण परत आलो' असे वाटून माणूस जोर लावतो आणि नेमका जुना दोष डोके वर काढतो. त्या चांगल्या फेऱ्यांवर विसंबून कोणाशी पैज लावू नये आणि स्पर्धेत नावही देऊ नये.

किती दिवस थांबावे, हे आपल्या बाबतीत कोपर ठरवेल. बादली न दुखता उचलता आली की पटर घ्या. त्यापूर्वी फिजिओने परवानगी दिली तर घरातल्या गालिचावर पट मारायला हरकत नसावी, कारण त्यात कोपरावर भार जवळजवळ येतच नाही. आणि आपला नेहमीचा गट सोडू नका. त्यांच्याबरोबर क्लबांशिवाय चालत जा. ग्रीन वाचण्याचा सराव होतो, आणि दुसऱ्याचेही चेंडू झाडीत जातात हे दिसते. स्वतः खेळत असताना त्याकडे लक्षच जात नाही.

मधला_फेअरवे

फिजिओथेरपिस्टकडे वेळ घेतली आहे आणि त्यांची परवानगी मिळेपर्यंत पटर सोडून बाकी सारे क्लब बंद. गटाला कळवले तेव्हा थोडी चेष्टा झाली, पण चालायला येण्याचे ठरले आहे. लहान पटांची चाचणी केली: एकट्याने मारताना, डोळे मिटूनही, आचका येत नाही, तेव्हा तो प्रकार ताणाचाच दिसतो.

आता स्कोअरकार्ड यांना शेवटचा प्रश्न. परतल्यानंतरच्या पहिल्या काही फेऱ्या मला फक्त चाचपणीसाठी खेळायच्या आहेत. त्या हँडीकॅपसाठी नोंदवाव्या लागतील का? कॅप सुटण्याविषयी आपण लिहिल्यापासून ती शंका मनात आहे.

स्कोअरकार्ड

जी फेरी गोल्फच्या नियमांनुसार, स्वतःचा एकच चेंडू खेळून पूर्ण केली आणि जी आपल्या संघटनेच्या अटींत बसते, ती केवळ वाईट गेली म्हणून वगळता येत नाही. त्याचप्रमाणे छान गेली म्हणून नंतर नोंदवण्याचे ठरवणेही योग्य नाही. काही देशांत तर स्पर्धेबाहेरच्या फेरीसाठी पहिल्या टीवर जाण्यापूर्वीच तसा इरादा नोंदवावा लागतो, तेव्हा आपल्या क्लबच्या हँडीकॅप समितीला विचारून घ्यावे.

परंतु चाचपणीच करायची असेल तर ती खरोखरच चाचपणीसारखी करा. दोन चेंडूंनी खेळा, किंवा प्रशिक्षकाला सोबत घेऊन जा आणि वाटेत त्याचा सल्ला घ्या. अशा फेऱ्या हँडीकॅपसाठी ग्राह्यच नसतात, त्यामुळे नोंदवण्याचा प्रश्न येत नाही. चार-सहा होल खेळून परत आलात तरी हरकत नाही, कारण 9 होलपेक्षा कमी खेळलेला स्कोअर धरला जात नाही. आपल्या कोपरालाही सुरुवातीला तेवढेच सोसेल.